हळदीकुंकवाचं बोट लागलेली चादर

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही किरटं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. ही वही कोणी वाचावी म्हणून लिहीत नाही, तरी माफी मागितलेली बरी.

आमचे हे पोलिसात जमादार होते. निवृत्त साहेब लोक आपल्या तपासाच्या आठवणी छापत, त्या हे मला वाचून दाखवायचे. मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती सार्जंटबाई ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या पोलिसांतून गेल्या वर्षी निवृत्त झाली. ती स्वतः काही लिहील असं वाटत नाही. तिचा तो तपास मात्र माझ्या मनातून जात नाही, कारण त्यात मीच सापडले होते. नाव कोणाचंही घेणार नाही.

करोनाचे दिवस होते. मी मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्याने अडकले. मुलगा लष्कराच्या तळावर एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर. मला इंग्रजी येत नाही, आणि चार माणसांत बोलायची मुळातच भीड. मुलाने एक जुनं शिलाई मशीन आणून दिलं. त्यावर मी मास्क शिवायची आणि इंडियन दुकानाच्या काउंटरवर ठेवायला द्यायची. ज्याला हवा त्याने न्यावा.

दोन घरं सोडून साठी उलटलेली एक ऑस्ट्रेलियन बाई एकटी राहायची. शाळेची बस चालवून रिटायर झालेली. तिच्या झाडाचे आंबे ती आमच्या फाटकावर ठेवून जायची, मी तिला मास्क द्यायची. आमचं बोलणं सगळं हातवाऱ्यांचं. एक दिवस ती पांढरी चादर आणि काळं कापड घेऊन आली. चादरीवर पेन्सिलीने मोठी अक्षरं काढलेली होती. त्यांवर काळं कापड बसवून शिवायचं, एवढं मला कळलं. काय लिहिलंय ते कळलं नाही आणि विचारायचा धीर झाला नाही. चादर कोरी होती. नव्या कापडाला हळदीकुंकवाचं बोट लावल्याशिवाय मी सुई धरत नाही. तसं कोपऱ्यात लावलं आणि दोन दिवसांत काम पुरं करून दिलं.

त्याच आठवड्यात एका तरुण सैनिकाचा लष्करी अंत्यविधी होता. सरावात गाडी उलटून तो गेला होता. नियमामुळे दफनभूमीत मोजकी माणसं, बाकीचे पन्नासेक लोक हातात छोटे झेंडे घेऊन कुंपणाबाहेर फुटपाथवर. त्याचे आईवडील दुसऱ्या राज्यात होते. सीमा बंद, त्यामुळे पोटच्या मुलाचा शेवटचा विधी ते फोनवर पाहत होते. शवपेटी खाली उतरायला लागली तेव्हा तिच्या मागे, कुंपणापलीकडे, त्यांना ती चादर दिसली. टोपी आणि मास्क घातलेल्या दोघांनी ती पाच मिनिटं धरली, मग कुंपणाला बांधली आणि निघून गेले.

वडिलांनी त्याच दिवशी फोनवरून फिर्याद दिली. आमच्या मुलाच्या मातीत कोणीतरी तमाशा केला, असं ते म्हणाले.

पुढचं ठाण्यातलं मला सार्जंटबाईनेच नंतर सांगितलं. चादर मुद्देमाल म्हणून जमा झाली. चेहरा नाही, गाडीचा नंबर नाही, हाताशी फक्त कापड. तरुण कॉन्स्टेबलला कोपऱ्यातला लाल डाग दिसला. तो म्हणाला, हे रक्त आहे, ही सैनिकांना धमकी आहे. दुसरा म्हणाला, मग पिवळं काय, काल रात्रीची करी? सगळे हसले. सार्जंटबाई हसली नाही. दोन डाग शेजारी शेजारी, सारखे, एकाच बोटाने लावलेले. चुकून पडलेला डाग असा नसतो आणि धमकी इतकी बारीक कोपऱ्यात कोणी देत नाही, असं ती म्हणाली. आमचे हे असते तर त्यांनी मान डोलावली असती.

दोन दिवसांनी ती ड्यूटी संपल्यावर इंडियन दुकानात मसाला घ्यायला गेली. दुकानदाराने नवा फ्रीझर घेतला होता आणि त्याच्या दारावर तसेच दोन ठिपके. हे काय, असं तिने विचारलं. नवी वस्तू आली की आम्ही लावतो, तो म्हणाला. शिवायच्या कापडालाही लावता का? लावतात की, हे मास्क शिवणाऱ्या मावशी तर प्रत्येक ताग्याला लावतात.

दुकानदाराने पत्ता तिला दिला आणि खबर आम्हाला. मुलाचा चेहरा उतरला. "आई, तू म्हण मला काही माहीत नाही. चादर पाहिलीच नाही म्हण. माझा तळावरचा पास गेला तर सगळं संपलं." मला यांचं बोलणं आठवलं. हे म्हणायचे, खरा जबाब एकदा द्यावा लागतो, खोटा रोज नवा द्यावा लागतो.

ती आली ती बूट दाराशी काढून. दाराशी काढलेल्या आमच्या चपला तिने पाहिल्या होत्या. कॉन्स्टेबल बुटांसकट आत येत होता, त्याला तिने डोळ्यांनीच थांबवलं. मुलाला तिने बाहेर बसायला सांगितलं. मग फोन टेबलावर ठेवून दुभाषा लावला. मेलबर्नकडचा कोणी मुलगा होता. "मावशी, घाबरू नका. तुम्ही बोलाल तसंच मी सांगतो, पदरचं काही घालत नाही," तो म्हणाला.

जबाब घेतले जाताना मी पुष्कळदा ऐकलं आहे. पोलीस लाइनीत आमची खोली ठाण्याला लागून होती. पहिला प्रश्न नेहमी "कोण" असायचा. हिचा पहिला प्रश्न होता, या ठिपक्यांचा अर्थ काय. मी सांगितलं, नव्याचं चांगलं व्हावं म्हणून. मग तिने विचारलं, यावर काय लिहिलंय हे माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. तिने चादर उघडून सावकाश वाचली आणि फोनमधला मुलगा मराठीत म्हणाला, "आमची मुलं तुम्ही नेलीत. परत आल्यावर कधी विचारपूस केलीत?"

जे मी टाका टाका शिवलं होतं ते मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, "यात वाईट काय आहे?"

"यात वाईट काही नाही. कोणी शिवून घेतलं?" ती म्हणाली.

मी सांगितलं, शिवलं मी, ते माझ्या नावावर लिहा. दुसरीचं नाव तिला विचारल्याशिवाय घेणार नाही. कॉन्स्टेबल काहीतरी तडकून बोलला, ते दुभाष्यानेही मला सांगितलं नाही. सार्जंटबाई म्हणाली, "विचारून या. मी इथेच बसते."

संशयिताला एकटं बाहेर सोडणारा पोलीस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी दोन घरं चालत गेले आणि हातवारे करून सांगितलं. शेजारणीने गॅस बंद केला आणि माझ्याआधी आमच्या घरात शिरली. "मला शोधत होतात? दोन घरांवर राहते. बेल वाजवायची," असं ती सार्जंटबाईला म्हणाली.

मग दुभाष्याकडून मी तिचं ऐकलं. तिचा मुलगा दोनदा परदेशी मोहिमेवर गेला होता. परत आला, आणि तीन वर्षांनी त्याने स्वतःला संपवलं. तिने किती पत्रं लिहिली, एकाचंही धड उत्तर नाही. लष्कराचे मोठे अधिकारी एका जागी येतात ते अंत्यविधीला, म्हणून ती एका मैत्रिणीला घेऊन तिथे गेली. त्या गेलेल्या मुलाबद्दल तिचं काहीच म्हणणं नव्हतं.

सार्जंटबाईचं उत्तर मला पाठ आहे. "या वाक्यात गुन्हा नाही. तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर होतात, ओरडला नाहीत, कोणाला अडवलं नाहीत. हे तुम्ही सरकारच्या दारात रोज धरलंत तर मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बंदोबस्त करीन. पण त्या दिवशी ते एका आईने पेटीच्या मागे वाचलं, आणि तिला वाटलं की हे तिच्या मुलाच्या मरणावरून म्हटलंय."

विधी फोनवर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं तोंड आपल्या बाजूला आहे हे शेजारणीला माहीतच नव्हतं. त्या आईशी बोलता येईल का, असं तिने विचारलं. सार्जंटबाई म्हणाली, मी विचारते, ती नको म्हणाली तर तिथेच थांबायचं. आणि दुभाष्याचा फोन टेबलावरच ठेवून, दुसऱ्या फोनवरून बोलायला ती गाडीपाशी गेली.

तेवढ्यात कॉन्स्टेबलने पावती फाडली. गर्दीचा नियम मोडल्याबद्दल दंड. शेजारणीने ती वाचली आणि विचारलं, "फुटपाथवर पन्नास जण होते. त्यांतल्या किती जणांना दिल्यास?"

"ते शोक करायला आले होते," तो म्हणाला.

"मी पण, मित्रा."

सार्जंटबाई दारातच उभी होती, तिने ते ऐकलं. हाताखालच्या माणसाला तिने आमच्यादेखत एक शब्द बोलून दाखवला नाही. आतापुरती पावती घ्या, पुढचं माझ्यावर सोडा, एवढंच शेजारणीला म्हणाली. शेजारणीने दंड दुसऱ्याच दिवशी भरला. बोलायचं असेल तर देणं शिल्लक ठेवून बोलायचं नाही, हा तिचा हट्ट.

त्या आईने फोन घेतला. दोघी दीड तास बोलल्या, काय ते त्यांचं त्यांना माहीत. फिर्याद मागे घेतली गेली. स्मशानाजवळ चादर पुन्हा न्यायची नाही, एवढं त्या आईने मागितलं आणि शेजारणीने ते पाळलं. आता ती दर शुक्रवारी सरकारी कचेरीसमोर उभी राहू लागली. एकदा एक माणूस तिच्यावर खेकसला, सैनिकांचा अपमान करतेस, लाज वाटत नाही का. सार्जंटबाईने त्याला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला नेलं आणि सांगितलं, तुम्हालाही बोलायचा हक्क आहे, इथून बोला.

माझ्या मुलाच्या पासाला काही झालं नाही. शिवणाऱ्या बाईचा दोष नाही, असं सार्जंटबाईने कागदावर लिहून दिलं होतं.

दंडाचं मात्र सोपं नव्हतं. तिने आपल्याच ठाण्याविरुद्ध लिहिलं. एकाच फुटपाथवर, एकाच वेळी पन्नास जण होते आणि दंड एकीलाच झाला, म्हणजे तो गर्दीचा नाही, वाक्याचा आहे. वरच्यांनी कागद दोनदा परत पाठवला. तुझी निवृत्ती जवळ आली आहे, कशाला लावून धरतेस, असंही कोणी म्हणालं. तिने तिसऱ्यांदा पाठवला.

यांच्या नोकरीत मी धाक पाहिला, दयाही पाहिली. धाक दाखवणारा पोलीस लोकांना गप्प करतो आणि दया करणारा एखाद्याला सोडून देतो. हिने दोन्ही केलं नाही. एका आईला शांतपणे रडता यावं आणि दुसरीला मोठ्याने विचारता यावं, यासाठी कोणी कुठे उभं राहायचं ती जागा तेवढी तिने आखून दिली. आपल्या माणसाची चूक झाली तेव्हा ती झाकलीही नाही. माझ्यासारख्या भित्र्या बाईला त्या दिवसापासून खाकीच काय, निळ्या वर्दीचीही भीती वाटत नाही.

नऊ महिन्यांनी शेजारीण एक पत्र घेऊन आली. मुलाने ते मला वाचून दाखवलं. दंड रद्द झाला होता, आणि तिने भरलेले पैसे, एक सेंटही न कापता, तिच्या खात्यात परत जमा झाले होते.