दुसऱ्या दिवशीचं मॅटिंग

ये गं, जवळ ये. कागदावर का होईना, पण ये आणि जरा मांडी घालून बस. आजोबांच्या तेराव्याला आलीस ती सकाळी दहाला, आणि चारच्या गाडीनं पुण्याला परत. दुसऱ्या दिवशी तुझी मॅच होती, मला माहीत आहे. तेव्हा मी काही बोलले नाही. पण आलेल्या माणसांना वाढता वाढता तू उभ्यानंच दोन घास खाल्लेस आणि आजोबांच्या खुर्चीकडं एकदासुद्धा बघितलं नाहीस. ते मात्र मी बघितलं. असं करतात होय? खुर्ची काय तुला धरून ठेवणार होती?

असू दे. रागावायला नाही बोलावलं. एक काम अडलंय, ते तुझ्यापाशी येऊन अडलंय. पण मी पडले चौथी शिकलेली बाई. पुढचं जे काही वाचन झालं ते पेपरातल्या खेळाच्या पानावर. मला मागचं सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येत नाही, तेव्हा ऐकून घे.

दिवाळीनंतर आपल्या क्लबचा सेक्रेटरी घरी आला. तोच, ज्याला आजोबांनी बॅट धरायला शिकवली. हातात गुंडाळलेला फ्लेक्स. उलगडून दाखवला, तर आजोबांचा हा एवढा मोठा फोटो आणि खाली त्यांच्या नावाचा चषक, वीस-वीस ओव्हरचे सामने, दिव्यांच्या उजेडात.

"कसा वाटला, काकू?"

"फोटो चांगलाय. पण हे त्यांच्या नावानं नको."

बिचारा घाबरलाच. "काकू, काय चुकलं का?"

"चुकलं काही नाही रे. तुमचे सामने तुम्ही खुशाल घ्या. पण त्यांच्या नावानं घ्यायचा तर दोन दिवसांचा घ्या. मोहोळवाल्यांशी. मॅटिंगवर."

तो फ्लेक्स गुंडाळत बसला. मग म्हणाला, "काकू, दोन दिवस कोण देतंय आता? निम्मी पोरं चिंचोळीला कंपनीत हायत. रविवारची एकच सुट्टी, त्यात बायकोला बाजार. आन् होळीनंतर मैदानात सिमेंटची पट्टी टाकायचं ठरलंय. एकदा सिमेंट पडलं की मॅटिंगचा इषय संपला."

म्हणजे होळीच्या आत झाला तर झाला. नाही तर तुझे आजोबा ज्या खेळावर चाळीस वर्षं जगले, तो आपल्या मैदानातून त्यांच्या पाठोपाठ जाणार. हे त्यानं तोंडानं म्हटलं नाही, पण आम्हा दोघांनाही कळलं. जाताना एवढं कबूल करून गेला, "बारकी गोष्ट हाय का काकू ती? पण अकरा जण दोन दिवसांसाठी उभे करा, मैदान तुमचं."

आता तुला मॅटिंगचं सांगते, कारण तू वाढलीस ती सिमेंटवर आणि हिरवळीवर. आपल्याकडं मुरमाची खेळपट्टी. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि सकाळी वर काथ्याचं मॅटिंग अंथरून, चारी बाजूंनी ताणून, कडेच्या कड्यांतून खिळे ठोकायचे. दिवसाचा खेळ संपला की खिळे काढून मॅटिंग गुंडाळायचं आणि चौघांनी खांद्यावर घेऊन आपल्या ओसरीत आणून टाकायचं, कारण मैदानाला लागून पहिलं घर आपलं. दवानं काथ्या सैल पडतो म्हणून ही काळजी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय, तर प्रत्येक खिळा कालच्याच भोकात गेला पाहिजे. आजोबांचा हट्टच होता तो. म्हणायचे, "खेळ कालचाच हाय, फकस्त मधी झोपलोय."

काथ्या फाटायचा. बॉल एका जागी पडून पडून दशा निघायच्या. ते शिवायचं काम माझं. कुणी शिकवलं नाही, दाभण आणि सुतळी घेऊन आपली आपण शिकले. बावीस यार्डांतला एकेक हात मला पाठ होता. पण अंथरलेल्या मॅटिंगवर मी कधी पाय ठेवला नाही. कुणी नको म्हणालं नव्हतं. पण ये, असंही कुणी म्हणालं नव्हतं.

माझ्या शेजारणीला हा खेळच पटायचा नाही. एकदा सामना अनिर्णित राहिला, तर भांडी घासता घासता मला म्हणाली, "दोन दिस उन्हात करपले, आन् कुणीच जिंकलं न्हाय? मग केलं काय ओ त्यांनी?" आजोबा तर गालातल्या गालात हसत अंघोळीला गेले होते. शेवटची जोडी तासभर आउट झाली नाही म्हणून आपण वाचलो होतो, आणि ते त्यांना जिंकण्याहून मोठं वाटत होतं. आता टीव्हीवर असं काही दिसत नाही. दर सामन्याला कुणीतरी जिंकतंच.

तर एका वर्षीची गोष्ट. ही मी आजवर कुणालाच सांगितली नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही.

मोहोळशी सामना. पहिल्या दिवशी लिंबाच्या झाडाकडच्या टोकाला मॅटिंग चांगलं वीतभर उसवलं. दिवस मावळायच्या आत मी ओसरीत बसून दुहेरी सुतळीनं ते शिवलं. जाड टाका पडला, बोटाला लागावा इतका. लिंबाकडचं टोक कुठलं हे कळावं म्हणून कोपऱ्याला एक लाल दोरा असायचा. उसवलेल्यातच तो अडकला होता म्हणून मी काढून ठेवला. शिवून झाल्यावर मुलांनी मॅटिंग गुंडाळून ठेवलं, तेव्हा आठवलं की दोरा राहिला. वरवर दिसला तो कोपरा धरला आणि दोरा घालून टाकला. तो समोरच्या टोकाचा, पाण्याच्या टाकीकडचा कोपरा होता.

सकाळी पोरांनी दोरा बघून मॅटिंग अंथरलं. खिळे जुन्या भोकांना बोटभर जुळेनात. कुणीतरी म्हणालं, दवानं ताणलंय, ठोका. ठोकले. आजोबा तेव्हा मोहोळच्या कॅप्टनबरोबर चहा पीत होते.

मोहोळला चाळीसेक धावा हव्या होत्या, हातात पाच विकेट. आजोबा नेहमीसारखे लिंबाकडून टाकायला आले. मी आपली ओसरीतून बघत होते. पहिलाच बॉल टप्पा पडून जो उसळला, तो बॅटीच्या दांड्याला लागून कॅच. आपल्या पोरांनी नुसता दंगा केला. पुढच्या ओव्हरला परत तसाच, दुसरा गेला. आणि आजोबा हसले नाहीत. त्यांना ठाऊक होतं, त्यांचा बॉल असा उसळत नाही. हळू चालत टाकीकडच्या टोकाला गेले, खाली वाकले, आणि बोटानं तो जाड टाका चाचपला. माझ्या हातातलं सुपलं तिथंच राहिलं. हा टाका त्यांच्या पायांशी, लिंबाकडं असायला हवा होता. तो बॅट्समनच्या पुढ्यात आला होता. मग त्यांनी कडेचं एक नवं भोक बघितलं आणि ताठ उभे राहिले.

मोहोळच्या कॅप्टनला हाक मारून म्हणाले, "मॅटिंग उलटं पडलंय. तुमचे दोघं परत पाठवा."

आपल्यातलाच एक ओरडला, "आउट म्हंजी आउट! मॅटिंग दोगांलाबी सारखंच हाय की!"

"सारखं कसं? काल उसवलं ते लिंबाकडं, ह्या टोकाला टाका असल हे त्यांना कसं कळावं? माझ्या हातून उलटं पडलं. काढा खिळे."

माझ्या हातून, म्हणाले. पंधरा मिनिटं खेळ थांबला. मॅटिंग फिरवलं, खिळे कालच्या भोकांत गेले, दोघं परत आले, आणि मोहोळ तीन विकेट राखून जिंकलं. आठवडाभर गिरणीत पाळीवर तुझ्या आजोबांशी कुणी नीट बोललं नाही. त्या काळी सामना खेळणाऱ्याची शनिवारची पाळी न खेळणारा करायचा. ज्यानं यांची पाळी केली होती तो तर तोंडावर म्हणाला, "हरायसाठी केली व्हय रं तुझी पाळी?" आणि ते ऐकून घेत राहिले.

त्या संध्याकाळी चहा देताना मी सांगितलं, "दोरा मी चुकवला."

"माहीत हाय. तुझा टाका मी वळकत न्हाय व्हय?"

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

कप खाली ठेवून म्हणाले, "आंतरताना मी बघायचं सोडून चहा पीत बसलो. चूक बघणाऱ्याची असती." आणि थोड्या वेळानं, "बोटाला दाभण लागली का बघू."

एवढंच. परत कधी विषय काढला नाही.

तुला वाटेल, आजी म्हातारी झाली, जुन्याचं गुणगान गाते. नाही गं. आखूड खेळाला मी नावं ठेवणार नाही. त्या खेळानं तुला मैदानात घेतलं. मुलींचे सामने टीव्हीवर लागतात, तुला पगाराची नोकरी लागली, तुझ्या पाठीवर आपलं आडनाव छापलेलं मी या डोळ्यांनी बघितलं. मोठ्या खेळानं मला चाळीस वर्षं ओसरीत बसवलं, हेही खरंच आहे की. दोन्ही मी तोलून बघते आणि मला काही ठरवता येत नाही.

पण तू एकदा फोनवर म्हणालीस ते मनात राहिलंय. आजोबांनी विचारलं होतं, तो हवेत लोंबवून टाकायचा बॉल हल्ली दिसत नाही तुझा? तू म्हणालीस, "आजोबा, मला चारच ओव्हर असतात. फसवायला वेळ कुठं असतो? सर म्हणतात सपाट टाक." त्यांनी "बरं बरं" म्हणून फोन माझ्याकडं दिला आणि खुर्चीत बसून उजव्या हाताची बोटं नुसती फिरवत राहिले, हातात बॉल असल्यासारखी. आपला खेळ मैदानातून जातोय याचं त्यांना दुःख होतंच. पण तुझ्या बोटांतून जातोय, हे त्यांना जास्त लागलं. मी हे तुला दोष द्यायला लिहीत नाही. तुझ्या जागी मीही सपाटच टाकलं असतं.

तर आता काम. मी पोरांच्या घरी फिरले. कंपनीतल्या पोरांना जुनी रीत सांगितली, पाळीला पाळी. त्यांना पटली. चार त्यांच्यातले झाले. विणकर गल्लीतले तिघं भाऊ आले. माझ्यासमोर मराठीत हो म्हणाले आणि जिन्यावर तेलुगूत काय पुटपुटले देव जाणे, पण नाव दिलं. सेक्रेटरी स्वतः आठवा, आणि दोन शाळामास्तर. झाले दहा. मोहोळला फोन लावला. कॅप्टन आता काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच खणखणीत.

"वैनी, आमचे अकरा तयार हायत. दोन पोरगे, तीन पुतणे, बाकीचे गावातले. तुमचं किती झालं?"

"दहा. टाकणारा कुणी नाही, भावजी."

"का? नात हाय की तुमची."

सेक्रेटरी शेजारीच बसला होता, तो म्हणाला, "पोरगी? गड्यांच्या मॅचमध्ये?" ते फोनमधून ऐकू गेलं.

"कोण हाय रं ते? तिच्या आजोबाचा हात हाय का न्हाय तिला? मग येऊ द्या की. आमच्या पोरांना जरा कळू द्या, बॉल हवेत काय करतो ते." मग आवाज उतरवून म्हणाले, "वैनी, एक इचारू? त्या वर्साला दोरा तुमीच चुकवला होता न्हवं?"

मी म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? त्यो माणूस मॅटिंग उलटं आंतरल का कदी? मला तवाच कळलं. पर त्यानं सोताच्या अंगावर घेतलं, मग आपण कशाला बोला."

एवढी वर्षं तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही गप्प.

मॅटिंग सहा-सात वर्षं ओसरीत उभं होतं. उंदरांनी तीन जागी कुरतडलंय. महिनाभर रोज थोडं थोडं शिवतेय. टाका आता जाड नाही पडत, हात कापतो म्हणून बारीक बारीक घालते. होळीच्या आधीचा शनिवार-रविवार धरलाय. या सामन्यानंतर सिमेंट पडणारच आहे, ते मी अडवू शकत नाही आणि अडवणारही नाही. मोठा खेळ पुढं राहील का जाईल, ते टीव्हीवर कोट घालून बोलणाऱ्यांना ठाऊक. मला एवढाच एक खेळून घ्यायचाय. जमलं नाही तर मॅटिंग परत गुंडाळून ठेवीन, तुझ्यावर रुसणार नाही. पण अकरावं नाव मी कोरं ठेवलंय, दुसऱ्या कुणाचं लिहिलेलं नाही.

तू सरांना विचार. दोन दिवसांची रजा पुरणार नाही, शुक्रवार धरून तीन लागतील. शुक्रवारी दुपारपर्यंत आलीस तर बरं, उजेड असताना. लाल दोरा मी सुईत ओवून ठेवलाय, अजून शिवलेला नाही. मला आता दोन्ही कोपरे सारखेच दिसतात, आणि बघणारा माणूस राहिला नाही. लिंबाकडचा कोपरा कुठला ते तू बघून सांग, मी शिवते. मग शनिवारी सकाळी तू टाकायला उभी राहिलीस की एकदा मलाही हात धरून त्या मॅटिंगवर ने. लवकर ये गं.