तिसऱ्या दिवशीची डोली

वकिलाच्या ऑफिसात तेवीस वर्षं टायपिंग केलं की बोटं झिजतात आणि किस्से साठतात. बोटांचं काही करता येत नाही, पण किस्से कुणी चहाचा कप पुढे केला की आपोआप बाहेर पडतात. परवा भाचीच्या साखरपुड्यात मी बोलायला लागले आणि पंगत उठेचना. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, तू हे सगळं लिहून काढ, म्हणजे वाढप्यांची सुटका होईल." तर घ्या.

आमचे साहेब म्हणजे साळवी वकील. महाडच्या बाजारपेठेत ऑफिस, आणि कामं बहुतेक अपघाताची. कुणाचा हात कारखान्यात गेलेला, कुणाला हायवेवर ट्रकने उडवलेलं, आणि पुढे पुढे डॉक्टरांच्या चुकीने अधू झालेली माणसंही यायला लागली. सावित्रीचं पाणी पावसाळ्यात पेठेत शिरतं, म्हणून साहेबांनी ऑफिस वरच्या मजल्यावर घेतलेलं. अपघाताच्या केसेस घेणारा वकील आणि ऑफिसला सतरा पायऱ्या! मी एकदा बोलले, साहेब, अशील लंगडत येतात, खाली कुठे जागा बघा. साहेबांनी फायलीतून मान वर केली नाही. म्हणाले, "सतरा पायऱ्या चढून आलेला माणूस निकालापर्यंत टिकतो."



*

साहेबांचं डोकं कसं चालायचं ते आधी सांगते. बिरवाडीला खोली घेऊन राहणाऱ्या एका कामगाराची उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. कंपनीचं म्हणणं, हा त्या दिवशी कामावरच नव्हता, बोटं बाहेर कुठेतरी तोडून घेतली आणि आमच्यावर ढकलतोय. हजेरीच्या पानावर खरंच सही नव्हती. बिचारा सही करायच्या आधीच मशीनवर उभा केलेला.

साहेबांनी त्याला काहीच विचारलं नाही. त्याच्या बायकोला विचारलं, त्या दिवशी डबा दिला होता का? ती म्हणाली, दिला होता, आणि तो अजून घरी आलेला नाही. लग्नातला स्टीलचा डबा, झाकणावर नाव कोरलेलं. तिला बोटांइतकंच त्या डब्याचंही वाईट वाटत होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. साहेबांनी अर्ज करून कंपनीतलं डब्यांचं कपाट उघडायला लावलं. डबा निघाला. आत काय निघालं ते लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल.

कोर्टात साहेब एवढंच म्हणाले, "माणूस गैरहजर होता, तर डबा एकटाच कामावर आला होता का?"

पुढच्या तारखेला कंपनीने तडजोड केली. बायकोने तो डबा चार वेळा घासून परत वापरात घेतला.

*

आता ठकूबाई. माझ्या सगळ्या किश्शांची राणी.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. डॉक्टरही ग्राहक कायद्याखाली येतात हे तेव्हा आमच्याकडे वकिलांनाही नवं होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातली एक वाडी, तिथली ही शेतकरी बाई, चाळिशीची. नवरा मुंबईत गोदीत कामाला. काठी टेकत सतरा पायऱ्या चढली आणि पाणीही न पिता बोलायला लागली.

गवताचा भारा घेऊन उतरताना ती घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. वाडीला रस्ता नाही. चार माणसांनी डोली करून, म्हणजे वाशाला घोंगडी बांधून, तिला खाली पोलादपूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरने मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी पायाची बोटं निळी पडली, बधिर झाली. पुन्हा डोली केली, पुन्हा खाली आणलं. डॉक्टरने बघितलं, सूज आहे, उतरेल म्हणाला, आणि परत पाठवलं. दहाव्या दिवशी नवरा येऊन मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथे प्लास्टर कापलं तोवर आतलं मांस मेलेलं होतं. तीन बोटं काढावी लागली आणि पाऊल कायमचं लोंबकळायला लागलं. डोंगरात राहणाऱ्या बाईचं पाऊल!

साहेबांनी नोटीस पाठवली. उत्तर आलं ते मीच वाचून दाखवलं. डॉक्टरचं म्हणणं, सदर बाई पहिल्या दिवसानंतर दवाखान्यात फिरकल्याच नाहीत, तिसऱ्या दिवशी आल्याचं सांगतात ते धादांत खोटं आहे, नुकसान त्यांच्याच हलगर्जीपणामुळे झालं.

ठकूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाय गेला तो गेला. पन मी आलेच नाय म्हनतो? चार मानसांचे खांदे सोलले माझ्यापायी. तेवढं त्याच्या तोंडून वदवा, वकीलसाहेब."

नुकसानभरपाईचा आकडा साहेबांनीच टाकला. तिने तो कितीचा हेसुद्धा विचारलं नाही.

*

डॉक्टरच्या विरुद्ध उभं राहायचं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. आम्ही महाडपासून माणगावपर्यंत दारं वाजवली. सगळे आपापसात म्हणायचे, चूक आहे, घट्ट प्लास्टर तिथल्या तिथे कापायला हवं होतं. लिहून द्या म्हटलं की सगळ्यांना एकदम पेशंट आठवायचे.

शेवटी नाते गावात राहणारे एक निवृत्त डॉक्टर भेटले. अंगणात सुपाऱ्या सोलत बसलेले. कागद वाचले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, घाला कागद, सांगतो. मी टाइपरायटर सोबत नेला होता, साहेबांचा हुकूमच होता तसा. दीड पान त्यांनी एका दमात सांगितलं. ते सही करायला लागले तेव्हा साहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, डॉक्टर, तुमच्या मंडळींत याने वाईटपणा येईल.

"काय करतील? कोजागिरीच्या दुधाला बोलावणार नाहीत," ते म्हणाले. "मला तसंही दूध पचत नाही."

*

मग एक पुढारी मध्यस्थी करायला निघाले. नाव सांगत नाही, पोलादपुरात ओळखतील. गडी पांढऱ्या कपड्यांत दोन तास डोंगर चढून ठकूबाईच्या दारात पोचला. धापा टाकत म्हणाला, डॉक्टर देवमाणूस आहे, केस मागे घे, तो आपणहून चांगली रक्कम देतोय.

ठकूबाईने त्याला आधी पाणी दिलं, मग ताक दिलं. मग विचारलं, मी तिसऱ्या दिवशी आले होते असं डॉक्टर लिहून देतोय का? पुढारी म्हणाले, ते तेवढं नाही जमणार, बाकी काहीही माग.

"मंग कशाला चढलात येवढं?" ती म्हणाली. "आता जपून उतरा. पाय मोडला तर डाक्तर नाय हाय."

हे मला त्या पुढाऱ्यांनीच नंतर सांगितलं. त्यांना स्वतःलाही हसू आवरत नव्हतं.

*

जिल्ह्याचा ग्राहक मंच अलिबागला. पहाटेची एसटी धरायची, चार तास हाडं खिळखिळी करून घ्यायची आणि पोचल्यावर कळायचं की पुढची तारीख पडलीय. एकदाची साक्षीदारांची पाळी आली. डोली वाहणारे चौघे उभे केले. समोर डॉक्टरने मुंबईहून आणलेला वकील, काळा कोट, चकाकते बूट.

त्याने पहिल्यालाच विचारलं, पहिल्या दिवशी गेला होतात हे मान्य, पण तिसऱ्या दिवशीही गेलात हे इतकं पक्कं कसं आठवतं?

"पयल्या दिशी मी मागं व्हतो," गडी म्हणाला. "तिसऱ्या दिशी फुडं. उतारावर भार फुडच्यावर येतो. तवापास्नं ह्यो खांदा दुकतोय."

मंचाच्या महिला सदस्य हसल्या. पण तो मुंबईकर काही कच्चा नव्हता. त्याने चौघांची आडनावं मोठ्याने वाचली. चौघांचं एकच आडनाव, आणि ठकूबाईचंही तेच! सगळे घरचे साक्षीदार, म्हणाला, घरच्यांनी काहीही सांगावं. अध्यक्षांनी साहेबांकडे बघितलं आणि सरळच विचारलं, कागद काही आहे का?

केसपेपर पहिल्याच दिवसाचा होता. तिसऱ्या दिवशी धावपळीत तो घरीच राहिलेला. परतीच्या एसटीत साहेब माणगाव येईपर्यंत तो एकच केसपेपर उलटसुलट करून बघत होते. कागद नसेल तर केस गेली, हे टायपिस्टलाही कळत होतं.

*

मंचाने चौघांच्या साक्षी शपथपत्रावरही मागितल्या होत्या, म्हणून सह्या घ्यायला मी आणि साहेब वाडीवर गेलो. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, साहेबांचा घसा कोरडा पडला. ठकूबाईच्या पडवीत बसलो आणि सह्या चालू असताना त्या चौघांतच जुंपली. एकजण म्हणाला, ठकूबाईच्या डोलीच्या माझ्या दोन पाळ्या भरल्या, यंदा मला बोलवायचं नाही. दुसरा म्हणाला, एकच धरतात.

साहेबांनी वाडीचा कारभार बघणाऱ्या गावकार रामजीबाबांना विचारलं, हा काय प्रकार? तेव्हा कळलं की या वाडीत डोली वाहायला घरटी एक माणूस पाळीने द्यावा लागतो. पूर्वी काही पोरं डोलीच्या नावाखाली खाली जाऊन बाजारात दिवस काढायची. तेव्हापासून नियम, डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पाळी धरायची नाही.

रामजीबाबांनी भांडण मिटवलं. "दोनी पाळ्या धरल्या हायत. तिसऱ्या दिशीची चिठ्ठी हाय ना."

साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं. "कुठाय चिठ्ठी?"

"कोंबडीखाली," रामजीबाबा म्हणाले.

पडवीच्या कोपऱ्यात पेंढ्यावर ठकूबाईचं अर्धं प्लास्टर उताणं ठेवलेलं, आणि त्याच्या मांडीकडच्या रुंद भागात एक लाल कोंबडी अंड्यांवर बसलेली! त्या दिवशी डॉक्टरकडे चिठ्ठी मागितली तर तो वैतागला आणि त्याने प्लास्टरवरच लिहून दिलं. गावकीला दाखवायला हवी म्हणून नवऱ्याने मुंबईत कापलेल्या प्लास्टरची ती लिहिलेली बाजू पिशवीत घालून वाडीवर आणली. रामजीबाबांनी ती बघून पाळ्या धरल्या, आणि प्लास्टर कोंबडीला दिलं.

साहेब जवळजवळ ओरडलेच, दोन वर्षं अलिबागच्या खेपा घालतोय, हे मला कुणी सांगितलं का नाही? रामजीबाबांना प्रश्नच कळेना. तो पाळीचा कागद, म्हणाले, वाडीचा. कोर्टाचा त्याच्याशी काय संबंध?

साहेब पुढे झाले तर ठकूबाई काठी घेऊन आडवी आली. पिल्लं निघायला अजून नऊ दिवस होते आणि तारीख सहा दिवसांवर. साहेबांनी हात जोडले, पण ती ऐकेना. उभ्या आयुष्यात साळवी वकिलांनी स्वतःहून तारीख मागितली नव्हती. त्या वेळी मागितली. अर्जात कारण काय टाइप करू विचारलं तर म्हणाले, "वैयक्तिक अडचण." कुणाची ते लिहिलं नाही.

*

पुढच्या तारखेला ठकूबाईने प्लास्टर जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं. मंचासमोर गाठ सोडली तेव्हा एक पीस उडून महिला सदस्यांच्या फायलीवर बसलं. त्यांनी ते गंभीरपणे उचलून बाजूला ठेवलं. धुराने पिवळं पडलेलं प्लास्टर, पण अक्षर स्वच्छ दिसत होतं. वर तारीख. खाली, "डोली आज आली. चार माणसं. पाहिलं. परत." आणि सही.

मुंबईचा वकील ताडकन उभा राहिला. दोन वर्षं ही वस्तू कुठे होती? आत्ताच कशी उगवली? हा बनाव आहे. अध्यक्षांनी ठकूबाईला विचारलं, बाई, हे आधी का आणलं नाही?

"आधी कोनी इचारलंच नाय, साहेब," ती म्हणाली. "आनि इचारलं तवा कोंबडी बसली व्हती."

अध्यक्षांनी रुमाल तोंडाला लावला. मग प्लास्टर डॉक्टरकडे द्यायला सांगितलं आणि विचारलं, हे अक्षर कोणाचं?

डॉक्टरचा वकील काही बोलणार होता, पण डॉक्टरने त्याला हाताने थांबवलं. प्लास्टर दोन्ही हातांत धरून त्याने अक्षर वाचलं. त्याने चष्मा काढला.

"माझं आहे."

ठकूबाई काठीवर भार देऊन उठली. साहेबांनी खाली बसायची खूण केली. तिने तिकडे बघितलंच नाही.

"मंग मी आल्ते ना, डाक्तर?"

त्या क्षणापर्यंत डॉक्टरच्या प्रत्येक कागदात ती नुसती "सदर बाई" होती. हे मी खात्रीने सांगते, कारण त्यांच्या प्रत्येक कागदाला उत्तर मीच टाइप केलंय.

"आला होतात, ठकूबाई," डॉक्टर म्हणाला. "तिसऱ्या दिवशी आला होतात."

अध्यक्षांनी स्टेनोला सांगितलं, हे शब्द जसेच्या तसे घ्या. मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या बाकावरचे डोलीचे चौघेही उठून उभे राहिले होते.