डॉक्टरला सांगितलेली वेळ

दादाचं तोंड वाकडं झालं ती वेळ मी डॉक्टरला खोटी सांगितली. हे आजवर कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

हळद शिजवायचे दिवस होते. आमच्या औंढ्याकडं वाफेवरचा कुकर पाळीनं मिळतो, आणि हातची पाळी गेली की काढलेली हळद आठ-दहा दिवस तशीच पडून राहते. त्या राती दादा मळ्यातच झोपला होता. मी सकाळी गेलो तर हा चुलीवर चहा उकळत बसलेला. मला बघून म्हणाला, "या साहेब! वैनीनं सोडलं का आज लवकर?" माझ्या बायकोला तो चेष्टेनं वैनी म्हणायचा. म्हणजे चांगला होता, धडधाकट.

कुकरच्या ड्रमात हळद भरून झाकण लावलं की मी मोबाईलवर वेळ बघायचो. म्हणून पुढची वेळ मला पक्की माहीत आहे. साडेनऊ वाजले होते. हळद शिजली का ते दादा काडी टोचून बघत होता, तर काडी उजव्या हातातून गळाली. उचलायला गेला, हात वळेना. काहीतरी म्हणाला, पण जीभ जड. दादा माळकरी, दारूला न शिवणारा. तरी मी मोठ्यानं म्हणालो, "काय दादा, माळ काढून ठेवली का काय? सकाळीच घेतली?" कामावरच्या बाया हसल्या. दादाही हसला. त्याचं अर्धंच तोंड हसलं.

ते मी पाहिलं. कळलं नाही असं म्हणणार नाही. अंगावरून वारं गेलेली माणसं मी आधी पाहिली होती. तरी म्हणालो, "ऊन लागलं असंल. बस सावलीत घडीभर."

एक मावशी दोनदा म्हणाली, "भाऊ, न्या ना त्यायला दवाखान्यात. ते बराबर दिसून न्हाई राहिले."

"एवढे दोन ड्रम निघू दे, मावशी."

दोनाचे तीन झाले. साडेअकराला गाडी सांगितली, घरून वैनीला, दादाच्या बायकोला, घेतलं आणि नांदेडला एका मोठ्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता.

डॉक्टर तरुण होता. त्यानं एकच विचारलं, "यांना शेवटचं चांगलं कधी पाहिलं?" शेजारी वैनी उभी. साडेनऊ म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, मग साडेअकरापर्यंत काय करत होता? मी म्हणालो, "उठला तेव्हाच तोंड वाकडं होतं. राती मळ्यात एकटाच होता."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग सुरुवात कधी झाली ते कळायला मार्ग नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रात्रीच झालं असेल, तर आता देऊन मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती."

मी मनात तास मोजले. वेळ शिल्लक होती. तोंड उघडलं. वैनी माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "बरं."

इंजेक्शननं दादा उठून चालला असताच, असं कुणी छातीठोक सांगणार नाही. पण ते मिळालं नाही ते माझ्यामुळं.

या गोष्टीला चार वर्षं होत आली. उजवं अंग गेलं ते गेलंच, आणि बोलण्यातला एकच शब्द राहिला, व्हय. पाणी पाहिजे तरी व्हय, नको तरी व्हय. हिंगोलीला व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा त्याच्या उजव्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली तर पाय केवढ्यानं उडाला. वैनी टाळी वाजवून म्हणाली, "बघा, पायात जीव येऊन राहिला!" मॅडम म्हणाल्या, "ताई, हे पाठीच्या कण्यातून होतं, आपोआप. पाय आणि कणा शाबूत आहेत. हुकूम देणारी मेंदूची डावी बाजू गेली, तिचा लगाम राहिला नाही, म्हणून पाय असा उडतो."

"म्हंजे उडणं चांगलं न्हाई?"

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर येताना मला हळूच म्हणाल्या, "त्यांना समजतं बरं का बरंचसं. शब्द तेवढे निघत नाहीत."

समजतं, हे मला माहीत होतं.

घरी कुणी भेटायला आलं की वैनी तेच सांगते. "राती मळ्यात एकटे होते. मी पहाटं चहा घेऊन गेले असते तर दिसलं असतं मला. मी काहून झोपले त्या दिवशी?" आता ती रोज दादा उठायच्या आधी उठते आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसते. मागच्या महिन्यात मावसबहिणीजवळ असंच बोलली. तेव्हा दादानं डावा हात खाटेवर आपटला. मान हलवत, लाल होऊन ओरडला, "व्हय! व्हय! व्हय!"

वैनी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "बघा, त्यायलाबी तसंच वाटतं. माझीच चूक म्हणून राहिले."

दादा माझ्याकडं बघत होता. त्याला काय म्हणायचं होतं ते त्या घरात मला एकट्याला कळलं, आणि मी उठून बाहेर गेलो.

दादाची वाचा माझ्यानं परत देणं होणार नाही. पण तो त्या सकाळी चांगला उठला होता, वैनीचा काही दोष नव्हता, हे दादासमोर बसून तिला सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.