काल्याचा भात बिघडला तेव्हा

माय गेली त्या दिवसापासून माझं आणि पांडुरंगाचं बोलणं बंद होतं. खोटं कशाला सांगू? माय म्हणजे माझी सासू. डॉक्टरांनी तिला घरी न्या म्हटलं, तेव्हा तलावाच्या पाळीवरच्या आमच्या देवळात जाऊन मी पदर पसरला होता. म्हटलं, एवढी धानाची रोवणी होऊ दे, तिला शेताच्या हिरव्या बांध्या एकदा पाहू दे, मग काय न्यायचं ते ने. त्याने रोवणीची वाट पाहिली नाही. ऐन पऱ्हे टाकायच्या, रोपांसाठी धान पेरायच्या दिवसांत माय गेली. मग मीही म्हटलं, जा बाबा, तू तुझ्या वाटेने, मी माझ्या. देवळावरून जाताना मान वळवून घ्यायची, इतका राग होता.

आमचं गाव अड्याळहून थोडं आत, धानाचं गाव. माय तरुणपणीच विधवा झाली. पदरात तीन लेकरं. दुसऱ्यांच्या बांध्यांत चिखलात वाकून रोवणी करत तिने ती वाढवली, शिकवली, त्यांची लग्नं केली. आणि तेवढ्यावर थांबेल तर ती माय कसली! कोणाचं बाळंतपण अडलं की माय, कोणाच्या घरची बाई गेली तर तिला शेवटची आंघोळ घालायला माय, जावाजावांची जुंपली तरी माय. भांडणात ती आधी दोघींना सारख्याच शिव्या घालायची आणि मग दोघींना एकाच केटलीतला चहा पाजायची. कार्तिकात काकड आरतीला पहाटे टाळ वाजवत गल्लीगल्लीतून फिरायची. देव उठायच्या आधी माय उठते, असं गाव म्हणायचं. आणि ते खरंच होतं.

पण तिचं सगळ्यात मोठं काम म्हणजे मूठ. सकाळी तांदूळ धुवायला घेताना घराघरातल्या बाईने त्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची. एकादशीला माय टोपली घेऊन दारोदार जाऊन ती गोळा करायची. काकडा संपला की देवळात गोपालकाला होतो. त्या दिवशी अख्ख्या गावाची पंगत याच मुठींच्या तांदळावर उठायची. मोठ्या शेतकऱ्याची मूठ आणि रोजीने जाणाऱ्या बाईची मूठ एकाच टोपलीत पडायची. "येकाच्या पोत्यानं पंगत होते, काला नाई होत," असं ती म्हणायची. तिच्या हयातीत काल्याचा भात कधी कमी पडला नाही, कधी बिघडलाही नाही.

माय गेल्यावर सरपंचभाऊ घरी आले. माणूस वाईट नाही, पण त्यांना सगळं झटपट लागतं. म्हणाले, "वयनी, माय तं आता नाई रायली. तुमसरचा एक मिलवाला माह्या वळखीचा हाय, काल्याले पोते देतो म्हणते. येकसारखा पांढरा तांदूळ. तुमी कायले दारोदार हिंडता?"

माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. देवाशी भांडण असलं तरी मायशी नव्हतं ना! मी म्हटलं, "पोतं नोको, भाऊ. मूठच पायजे."

ते हसले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, वयनी. उघडून हसं कायले करून घेता? बरं, हे वरीस पाहू. बिघडलं तं पुढच्या सालापासून मिलचा तांदूळ अन् मूठ बंद. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. माणसाची जीभ किती चटकन उचलली जाते!

मी टोपली घेतली. पहिल्या एकादशीला काही दारांत माझ्याकडे पाहून बायांचे डोळे भरून आले. कोणी मूठ घालताना मायच्या आठवणी सांगत, कोणी नुसतीच पाठीवरून हात फिरवी. पण मी एक शहाणपणा केला. माय मुठीचा तांदूळ तीन मडक्यांत ठेवायची. मला वाटायचं, जुन्या काळची बाई, मोठी कोठी नसेल म्हणून मडकी. मी नवी कोरी पत्र्याची कोठी आणली आणि सगळा तांदूळ एकत्र ओतला. कोणाचा जुना, कोणाचा लवकर येणाऱ्या, नुकत्याच निघालेल्या हलक्या धानाचा, कोणाचा उकडा. धानाच्या गावात जन्म काढलेली मी, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. कोठीवर हळदीकुंकू वाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले.

काल्याच्या दिवशी देवळामागे भट्ट्या पेटल्या. वांग्या-आलूची भाजी झाली, तुरीचं वरण झालं, आणि मोठ्या गंजात, पितळी पातेल्यात, भात चढवला. देवळात कीर्तन रंगात आलं होतं. झाकण काढून मी सराटा फिरवला आणि चार दाणे तोंडात टाकून पाहिले. नव्या तांदळाचा पार लगदा झाला होता, उकडा दाताखाली कचकच लागत होता, आणि जुना कुठेतरी मधेच अडकला होता. आणखी शिजवावा तर लगद्याची खळ होणार, उतरवावा तर लोक खडे चावल्यासारखे चावणार. तेव्हा कुठे मला ती तीन मडकी आठवली: जुन्याचं एक, नव्याचं एक, उकड्याचं एक. शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "आता काय वो करावं?" मला काय कळतंय! पंगतीसाठी पत्रावळी मांडायला सुरुवात झाली होती. मंडपाच्या टोकाला सरपंचभाऊ फोन हातात घेऊन उभे होते, जणू मिलवाल्याला लावायलाच. म्हणजे मायने जन्मभर चालवलेलं काम माझ्याच हातून आज बंद पडणार होतं. मी भट्टीमागे जाऊन पदरात तोंड घालून रडले, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले. म्हटलं, मला काही येत नाही. हे तुझं आहे, तूच पाहा.

"काहून वं पोरी, कायले रडून रायली?"

वर पाहिलं तर एक म्हातारी उभी होती. तिला मी सकाळपासून देवळाच्या पायरीवर बसलेलं पाहिलं होतं. दिघोरीकडची, लेकीकडे निघालेली, गाडी चुकली म्हणून टेकलेली, असं कोणीतरी म्हणालं होतं. विटकं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी.

"भात बिघडला वो माय," मी म्हटलं. ‘माय’ हा शब्द माय गेल्यापासून मी कोणालाच म्हटला नव्हता. कसा तोंडून निघाला कोण जाणे.

तिने गंजात डोकावून पाहिलं. "वरण झालं का?"

"झालं."

"मंग वत त्यात."

"अवो, आमच्या इथं भात येगळा, वरण येगळं वाढा लागते. गाव काय म्हनंल?"

"आज काला हाय ना?" ती म्हणाली. "गोपाळाईनं आपापल्या शिदोऱ्या येका जागी कालवल्या, तवा कोनी पायलं का भात कोनाचा अन् वरण कोनाचं? वत, अन् कढत पानी घाल. सगळ्याईचं येक झालं की अर्धं कच्चं कोन रायते?"

मी शांताकाकूंकडे पाहिलं. त्यांनी पदर खोचला आणि वरणाचा गंज उचलायला हात लावला. आम्ही बायांनी सगळं वरण भातात ओतलं, वरून भाजी, कढत पाणी, जिरं-मोहरीची फोडणी. म्हातारीने झाकणाच्या कडेने ओलं फडकं गुंडाळायला लावलं आणि झाकणावर निखारे ठेवायला सांगितले. देवळात हंडी फुटली, लाह्या-दह्याचा काला वाटला गेला. तोवर भट्टीकडून असा वास सुटला की टाळकरी माना वळवून पाहायला लागले. झाकण काढलं तर काय सांगू! लगदा विरून गेला होता, उकडा मऊ फुलला होता, आणि कोणाचा दाणा कुठला हे ओळखायची सोयच उरली नव्हती.

नैवेद्याचं पान मी स्वतः गाभाऱ्यात नेलं. खूप दिवसांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. म्हटलं, बोललास एकदाचा!

पंगत बसली. सरपंचभाऊ पहिल्याच रांगेत होते. मी वाढलं आणि तिथेच उभी राहिले. त्यांनी एक घास घेतला, दुसरा घेतला. मग पत्रावळ चाटूनपुसून पुढे केली. "वयनी, अजून वाढा." आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाले, "मिलवाल्याले सांगतो, नोको म्हना तुही पोती. हे चव त्याच्या तांदळाले कुठची येते!" बाया खळखळून हसल्या. कोणीतरी मोठ्याने ओरडलं, "मायच्या मुठीचा," आणि सगळी पंगत गरजली, "विजय असो!" तलावाच्या पलीकडून आवाज परत आला. त्या दिवशी माणसं तीनतीनदा मागून जेवली, आणि तरी गंजाच्या तळाशी उरलं.

मी त्या म्हातारीचं पान वाढून पायरीकडे गेले. ती नव्हती. कोणी म्हणालं, अड्याळच्या रस्त्याला लागली. कोणी म्हणालं, आम्ही तर पाहिलीच नाही. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. गाडी चुकलेली कोणाची तरी आई असेल. माझ्यापुरती ती वेळेवर आली, एवढं मला पुरे आहे. तिचं पान मी मायच्या फोटोपुढे ठेवलं.

आता काल्याला आमच्या गावात मुठीची खिचडीच होते. ज्या घरांतून कधी मूठ यायची नाही, तिथल्या बायाही आता मला हाक मारून थांबवतात. तीन मडकी मी पुन्हा काढली नाहीत. कोठी एकच, आणि जे येईल ते तिच्यात. मायसारखी मी होणार नाही, हे मला माहीत आहे. पण पहाटे काकड्याला टाळ आता माझ्या हातात असतो.

सरपंचभाऊ अजून चिडवतात, "काय वयनी, झाकली मूठ सव्वा लाखाची ना?" मी म्हणते, असेल भाऊ, पण झाकलेल्या मुठीतून कोणाच्या पानात काही पडत नाही. त्या दिवशी भट्टीमागे मी माझी मूठ उघडली, हे माझं नाही, तुझं आहे म्हटलं, आणि अख्खं गाव जेवलं. आजही सकाळी तांदूळ धुवायला घेतले की पहिली मूठ कोठीवर धरते, मायचं नाव घेते आणि बोटं मोकळी सोडते.