थांबाबाई गाडी शिकली

माझी मावशी एकोणीस वर्षं शाळेसमोरच्या रस्त्यावर गाड्या थांबवून मुलांना पलीकडे न्यायला हातात लाल पाटी घेऊन उभी राहिली. सकाळी पाऊण तास, दुपारी पाऊण तास. पाटीवर ‘थांबा’ एवढंच लिहिलेलं, म्हणून मुलं तिला थांबाबाई म्हणायची. पुढे पुढे मुख्याध्यापिकाही तेच म्हणायला लागल्या. इतक्या वर्षांत तिच्या देखत एकाही मुलाला साधं खरचटलं नाही. पण ती नोकरी मुळात का निघाली, तिच्या आधी त्या रस्त्यावर काय घडलं होतं, ते तिला ठाऊक होतं. त्याबद्दल ती कधी बोलत नसे.

सुट्टी लागायच्या आधी मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून घेतलं. रस्त्यावर सिग्नल बसणार होता, पाटीचं काम संपलं होतं. त्याच वेळी शाळेच्या व्हॅनचे ड्रायव्हर निवृत्त व्हायचे होते.

“मुलं तुमचं ऐकतात,” त्या म्हणाल्या. “शाळा उघडेपर्यंत लायसन्स काढलंत तर व्हॅन तुमच्याकडे. पहिले तीन महिने जुने ड्रायव्हर शेजारी बसतील. नाही जमलं तर मला बाहेरून माणूस घ्यावा लागेल.”

हातात नऊ आठवडे होते. मावशी छप्पन्न वर्षांची होती आणि तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. मी तेव्हा नर्सिंग शिकायला तिच्याकडेच राहायचे, त्यामुळे पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात होते. त्यांनी चौकातल्या मोठ्या ड्रायव्हिंग स्कूलचा कागद आणून दिला. पंधरा दिवसांत गाडी, आणि टेस्टची काळजी आमची, असं त्यावर छापलेलं. मावशी शिकाऊ लायसन्स काढून एक दिवस जाऊन आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली.

“आली का गाडी?” मी विचारलं.

“गाडी शिकवणाऱ्यानेच चालवली. क्लचही त्याचा, ब्रेकही त्याचा. मी नुसतं चाक धरून बसले होते.” मग जरा वेळाने म्हणाली, “एक म्हातारे रस्ता ओलांडत होते. मी हळू करा म्हटलं, तर त्याने हॉर्न दाबला. म्हणाला, आपण थांबलो की लोकांना सवय लागते.”

तिथे ती परत गेली नाही.

मागच्या गल्लीत एक गृहस्थ शिकवायचे. बावीस वर्षं रुग्णवाहिका चालवून निवृत्त झालेले, एकच जुनी गाडी, एका वेळी चारच माणसं घ्यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मावशीने हट्ट केला म्हणून मी सोबत गेले आणि मागच्या सीटवर बसले. पहिल्या दिवशी मास्तरांनी किल्ली खिशातच ठेवली.

“समोर बघा, बाई. काय दिसतंय ते सांगा.”

मावशी म्हणाली, “तो टॅक्सीवाला वळणार आहे, पण दिवा लावणार नाही. त्या उभ्या गाडीचं दार आता उघडेल. आणि तो सायकलवाला मागे न बघता आत घुसेल.”

तिन्ही गोष्टी घडल्या. “डोळे तयार आहेत,” मास्तर म्हणाले. “हातापायांचं बघू.”

हातापायांनी मात्र अंत पाहिला. गाडी दर वळणावर बंद पडे. बंद पडली नाही तर मावशी स्वतःच ब्रेक दाबी. उडती पिशवी दिसली की ब्रेक, कुत्र्याची सावली दिसली की ब्रेक. “बाई,” मास्तर म्हणत, “पिशवी मरत नाही.” घरी तिने खुर्चीपुढे तीन चपला मांडून सराव सुरू केला. काका कामावर निघताना चपला शोधत फिरायचे.

“एक क्लच आहे, एक ब्रेक,” मावशी सांगायची. “पाच मिनिटं दम धरा.”

सहाव्या आठवड्यात गाडी जरा सरळ जायला लागली आणि त्याच आठवड्यात ते झालं.

सकाळचे अकरा वाजले असतील. मैदानाशेजारचा रस्ता, कडेला गाड्यांची रांग, मध्ये सामान उतरवणारा एक ट्रक. समोर रस्ता मोकळा. आणि मावशीने एकदम ब्रेक मारला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मी सावरते न सावरते तोच मागून दणका बसला, काच फुटल्याचा आवाज झाला आणि आमची गाडी हातभर पुढे सरकली.

मागच्या गाडीतले गृहस्थ उतरून आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

“समोर काय होतं, बाई? मला दाखवा, काय होतं?”

“पाय होते,” मावशी म्हणाली. “ट्रकच्या खालून दोन बूट दिसले. पळायच्या बेतात होते.”

ट्रकच्या पुढून आठेक वर्षांची एक मुलगी हळूच बाहेर आली. काखेत चेंडू. त्या गृहस्थांनी तिला विचारलं, “तू रस्त्यावर येणार होतीस का?”

“नाही,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

ते मावशीकडे वळले. “झालं समाधान?”

ती मुलगी खरंच थांबली होती, की आवाजाने थबकली होती, ते आजही कुणाला सांगता येणार नाही. मास्तरांनी त्या गृहस्थांशी बोलून सगळं मिटवलं आणि ते परत गाडीत येऊन बसले.

“ब्रेक बरोबर होता,” ते म्हणाले. “आरसा चुकला. मागे कोण आहे ते बघायचं राहिलं.”

“माझ्या मागे मुलं असायची, मास्तर. गाडी कधी नसायची.”

गाडी मास्तरांनीच घरी आणली.

पुढचे चार दिवस मावशी शिकायला गेली नाही. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ती येता-जाता त्याच्याकडे बघायची आणि नजर वळवायची. चौथ्या दिवशी भांडी विसळताना म्हणाली, “तू एकटी होतीस मागे. व्हॅनमधली चौदा मुलं असती तर?” मी टॉवेल घेऊन भांडी पुसत राहिले.

संध्याकाळी काकांनी टेबलावर एक कागद ठेवला. चौकातल्या स्कूलचा फॉर्म, अर्धा भरलेला.

“तीन आठवडे उरलेत,” ते म्हणाले. “तिथे टेस्ट नावालाच असते. लायसन्स हातात येऊ दे, मग सावकाश शीक.”

“अहो, त्या लायसन्सवर मी दुसऱ्यांची मुलं बसवू?”

“तुझी नोकरी जाईल म्हणून म्हणतोय.”

“ते कळतंय मला,” मावशी म्हणाली. फॉर्म तिने फाडला नाही, चुरगाळलाही नाही. नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला. सकाळी दहाला ती मास्तरांच्या दारात होती.

आता मास्तर तिला मोठ्याने बोलायला लावायचे. समोर काय, मागे काय, बाजूला काय. ती दमून घरी यायची तेव्हा तिच्या ब्लाउजची पाठ भिजलेली असे.

पहिल्या टेस्टला ती नापास झाली. चौकातल्या गोल बेटापाशी ती इतका वेळ थांबली, की परीक्षक म्हणाले, “बाई, रस्ता केव्हाचा रिकामा आहे.” पुढची तारीख शाळा उघडल्यानंतरच्या गुरुवारची मिळाली. मावशी मुख्याध्यापिकांकडे गेली आणि तिने खरं ते सांगितलं. त्या बराच वेळ कॅलेंडर बघत राहिल्या. “एक आठवडा बदली माणूस लावते,” त्या म्हणाल्या. “त्यापुढे माझ्या हातात नाही.”

गुरुवारी मी आरटीओच्या फाटकाबाहेर उभी होते. शेवटी समोरच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची असते. ती थांबली आणि तिच्या मागे एक भरलेला टेंपो खेटून येऊन थांबला. मला तिचं डोकं दिसत होतं. ते आरशाकडे वळलं, पुढे वळलं, परत आरशाकडे. गाडी वीतभर मागे घसरली. टेंपोवाल्याने हॉर्न वाजवला. मी हातातली तिची पर्स आवळून धरली. मग इंजिनाचा आवाज जाड झाला, गाडी जागच्या जागी थरथरली आणि हळूहळू वर चढली.

परीक्षकांनी चेहऱ्यावर काही न दाखवता कागदावर सही केली. मावशीने तो कागद तीनदा वाचला, तरी तिचा विश्वास बसेना. शेवटी मला वाचायला लावला.

सोमवारी तिने व्हॅन काढली. जुने ड्रायव्हर शेजारी, मागे चौदा मुलं. एरवी व्हॅनमध्ये कानठळ्या बसतात म्हणे, पण त्या दिवशी सगळी चिडीचूप होती. मुलं उतरल्यावर जुने ड्रायव्हर चहाला गेले. मावशी मात्र पाचेक मिनिटं तशीच बसून राहिली, कारण बोटं चाकावरून सुटेनात. मग ती उतरली, मागचं दार उघडून तिने सीटखाली वाकून बघितलं आणि कुणाची तरी राहिलेली निळी बाटली घेऊन वर्गांकडे निघाली.