जोर कमी करा, उस्ताद

त्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तरेत, बर्फात होती. जागेचं नाव सांगत नाही, सांगितलं तरी नकाशावर फारसं काही सापडणार नाही. मी आर्मरर, हवालदार टेंभरे. पलटणीची हत्यारं तपासणं, दुरुस्त करणं, तयार ठेवणं ही माझी ड्यूटी. कंपनी हेडक्वार्टरच्या पोस्टवर माझं वर्कशॉप होतं, म्हणजे एक टेबल, लोखंड पकडायचा एक वाइस आणि ऊब देणारी केरोसीनची बुखारी.

रस्ता बंद झाला की तिथले दिवस सारखे होतात. सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर उभं राहणं, मग बर्फ काढणं, मग हत्यारांची सफाई, मग परत बर्फ काढणं. गावाकडे लोक विचारतात, तिकडे काय करत होतात? बर्फ काढत होतो. हे सांगितलं की त्यांचा हिरमोड होतो, त्याला माझा इलाज नाही.

एक दिवस नायक सुकराम उईके माझ्या टेबलावर एक एअर रायफल ठेवून उभा राहिला. सुकराम माझ्याच जिल्ह्याचा. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका, बोदलकसा जलाशयाच्या अलीकडचं गाव. तो गोंड, मी पोवार, आणि आमची गावं सायकलच्या अंतरावर. पलटणीत सगळ्यांशी हिंदी, पण आम्ही दोघं भेटलो की झाडीबोली सुरू. रायफल त्यानं सुट्टीत नागपुरात घेतली होती. साधी ब्रेक-बॅरल. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. आतली स्प्रिंग पिस्टन ढकलते, पिस्टन हवा दाबतो, हवा छर्रा फेकते. सीओ साहेबांच्या परवानगीनं लांब बराकीत दहा मीटरची रेंज लावली होती आणि जवानांच्या मॅच चालायच्या.

"उस्ताद, हिचा जोर कमी करा," सुकराम म्हणाला.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काही चूक झाली.

"कमी?"

"कमीच. दुकानदारानं मोठी स्प्रिंग टाकून देल्ली. लय लाथ मारते. कागद फाडाले एवढा जोर कायले पायजे?"

सगळ्या नोकरीत मला जोर वाढवून मागणारे भेटले. कमी करून मागणारा हा एकच. आणि त्याचं बरोबर होतं. स्प्रिंग जेवढी तगडी, तेवढा पिस्टनचा धक्का मोठा, आणि छर्रा नळीत असतानाच रायफल हलते. दहा मीटरवरच्या कागदाला ताकद लागत नाही. प्रत्येक छर्रा सारख्याच वेगानं जावा लागतो, एवढंच. मी स्प्रिंगची दोन वेटोळी कापली, टोक घासून सपाट केलं. झणझण थांबली.

पण हळू छर्रा नळीत जरा जास्त वेळ राहतो. तेवढ्यात नेमबाजानं मान वर केली तर छर्रा भलतीकडे जातो. सुकरामनं यावर एकच नियम केला होता आणि नव्या पोरांना तो सारखा ऐकवायचा.

"गोळी गेली तरी हालू नोको."

कंपनीच्या मॅचमध्ये तो चौथा आला. मी चिडवलं, एवढी रायफल करून दिली, फुकट घालवलीस. तो म्हणाला, "पहिल्या तिघाइले रम भेटली उस्ताद, मले अनुभव भेटला."

बर्फ उतरायला लागल्यावर सुकरामचं सेक्शन पुढच्या पोस्टवर गेलं. एका दुपारी त्या पोस्टवर पलीकडून गोळ्यांचा फायर आला. तिघं जखमी झाले. त्यांना नाल्यानं खाली आणायचं होतं आणि नाल्याच्या वळणापर्यंतची वाट उघडी, आडोसा नसलेली होती. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, सुकरामकडे होती. मी आमच्या पोस्टवर रेडिओ सेटच्या शेजारी उभा होतो. कंपनी कमांडर साहेब स्वतः सेटवर सुकरामशी बोलत होते. 'टू' हा त्याच्या सेक्शनचा कोड.

"टू, पीछे आओ. ओव्हर."

"पहले घायल निकलेंगे, साब. ओव्हर."

"टू, ये ऑर्डर है. ओव्हर."

"घायल मोड पार कर लें, फिर आता हूँ. ओव्हर."

एलएमजीचा आवाज आम्हाला वरून ऐकू येत होता. जखमी वळण पार करून गेले.

"टू, घायल पार. अब आओ. ओव्हर."

उत्तर आलं नाही. साहेबांनी परत बोलावलं. परत बोलावलं. मग त्यांनी हँडसेट खाली ठेवला.

ती एलएमजी दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी माझ्या टेबलावर आली. ते काम मी केलं. माझ्या मदतनिसालाही हात लावू दिला नाही.

मी रिटायर होऊन गावी आलो तोवर सुकरामच्या गावात त्याचं स्मारक उभं राहिलं होतं. त्याच्या स्मृतिदिनाला गेलो. चौथरा, अर्धपुतळा आणि शेजारी काचेची पेटी. पेटीत त्याच्या सामानासोबत घरी आलेली ती एअर रायफल होती, नळीपासून दस्त्यापर्यंत सोनेरी रंगवलेली. नळीचं तोंड नळ गळला की लावतात त्या मसाल्यानं बुजवलेलं. कोणी पोरगं खेळू नये म्हणून, असं मला कौतुकानं सांगण्यात आलं. चार पावसाळे आणि चार उन्हाळे ती त्या पेटीत होती.

मला संताप आला. त्या लोकांनी हे प्रेमानं केलं होतं हे मला कळत होतं, म्हणून तर जास्तच आला.

सुकरामची बायको इमलावहिनी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती नागझिऱ्याच्या गेटवर गाइड आहे, पर्यटकांच्या गाडीत बसून जंगल दाखवते. सुकरामनं ही रायफल घेतली त्याच सुट्टीत तिलाही ती चालवायला शिकवली होती. ती हळूच म्हणाली, "भाऊ, गोंदियात ओपन साइटची, बिना दुर्बिणीची मॅच आहे. मी नाव देऊन आली. हे बंदूक चालंल का?"

"चालवू," मी म्हणालो.

सरपंच पुढे आले. "हात नका लावू जी, हवालदार साहेब. शहीदाची निशानी आहे."

"निशाणी नाही, रायफल आहे. तुम्ही तिचं तोंड बुजवलं."

"अन् शहीदाच्या बंदुकीनं वहिनी हारली तं? गावाची इज्जत जाईन."

"ते बी हारत होते," इमलावहिनी म्हणाली. "चौथा नंबर आला होता त्याइचा. पेटीतली बंदूक हारत नाही, काऊन का ते चालतच नाही. किल्ली द्या."

"कमिटीले इचारा लागंल."

"नवरा फौजेत धाडला तवा कोन्या कमिटीले इचारलं नोतं मी."

सरपंचांनी खिशातून किल्ली काढली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण मला हसू येत होतं.

रायफल माझ्या घरी आणली. थिनरनं रंग काढला. दस्त्याच्या कोरीवकामात सोनेरी राहिलंच. तेही खरवडायला निघालो तर वहिनीनं अडवलं. "राहू द्या भाऊ. गावानं पिरमानं लावलं." नळीतला मसाला ड्रिलनं काढला असता तर छर्ऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या आट्या गेल्या असत्या. नळी उकळत्या पाण्यात धरली, मसाला नरम केला, मागून पितळी सळई घालून हळूहळू ढकलला. या कामाला एक अख्खी सकाळ गेली आणि तोंडानं शिव्या चालूच होत्या.

आत सगळं खराब होतं. स्प्रिंगवर गंज, पिस्टनचं चामडं वाळून तडकलेलं. चपला शिवणाऱ्याकडून जाड चामडं आणलं, वॉशर कापला, तेलात बुडवून ठेवला. नवी स्प्रिंग बाजारात मिळाली ती तगडीच. दोन वेटोळी कापली, टोक लाल करून दाबलं, घासलं. स्प्रिंगच्या आत घट्ट बसणारा नायलॉनचा दांडा हवा होता, नाही तर ती झणझणते. तो गोंदियात एका राइस मिलच्या मिस्त्रीनं लेथवर करून दिला. ट्रिगरच्या घासणाऱ्या कडा ऑइलस्टोनवर गुळगुळीत केल्या. ग्रीस अगदी बोटाला पुसल्याइतकं. जास्त ग्रीस लावणारे आर्मरर मला कधीच आवडले नाहीत.

पहिल्या दिवशी छर्रे सगळ्या कागदावर पांगले. मी परत उघडली, अजून अर्धं वेटोळं कमी केलं. मग वहिनीच्या आवारात भाताच्या तणसीच्या ढिगापुढे कागद लावला. पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. आवाज इतका मऊ की कुंपणावरचा व्हला पक्षी उडाला नाही.

बघायला सरपंचही आले होते. "तितर पडंल का इनं?"

"नाही पडणार," मी म्हणालो.

"मंग ससा तं सोडाच. एवढी मेहनत केली अन् बंदूक बिघडवून टाकली का जी?"

"जंगलाच्या काठी राहतो आपण," वहिनी म्हणाली. "मी दिवसभर लोकाइले जनावरं दाखवतो. माह्या घरी बंदूक राहीन तं अशीच राहीन."

रोज ड्यूटीवरून आली की ती सराव करायची. मी मागे खुर्ची टाकून बसायचो आणि एकच गोष्ट पाहायचो, छर्रा सुटल्यावर मान उचलते का.

मॅचच्या दिवशी गोंदियातल्या हॉलमध्ये सगळी शाळा-कॉलेजातली पोरंपोरी. इमलावहिनी लुगड्यात. तपासणीच्या टेबलावरचा माणूस दस्त्यातलं सोनेरी बघून हसला. "आंटी, ये बारात वाली है क्या?"

"मेरे आदमी की है," ती म्हणाली. "चेक करो और वापस दो."

त्यानं तपासली, आणि मग हसला नाही. ट्रिगर त्याच्या बोटाला कळला असावा.

सुरुवात चांगली झाली. मग मधल्या फेरीत तिनं मान उचलायला सुरुवात केली. छर्रा कुठे लागला ते बघायची घाई. एक बाहेर, दुसरा बाहेर. मी दोरीच्या मागे. बोलायला मनाई. पलटणीतही मला इतकं ओरडावंसं वाटलं नव्हतं. शेवटी तिनं रायफल टेबलावर ठेवली, दोन्ही हात लुगड्याला पुसले. तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे.

मग तिनं शेवटची फेरी मारली. प्रत्येक छर्ऱ्यानंतर ती तशीच उभी. गाल दस्त्यावर, डोळा साइटवर, श्वास धरलेला. शेजारची पोरं दुसरा छर्रा घालायची तरी ही उभीच. त्या फेरीतला एकही छर्रा कागदावरच्या काळ्या गोलाच्या बाहेर गेला नाही.

नंबर आला सातवा.

बाहेर आलो तोच सरपंचांचा फोन. तिनं स्पीकरवर टाकला.

"कितवी आली जी?"

"सातवी."

"मंग आता... पेटी साफ करून ठेवली मी."

"पेटीत त्याइचा वर्दीतला फोटो ठेवा," वहिनी म्हणाली. "बंदूक घरी चालली. पुढच्या साली मी परत येऊन राहिली."

तिनं फोन बंद केला आणि रायफल खांद्यावर टाकली. बस स्टँडपर्यंत मी ती मागितली नाही, तिनंही दिली नाही.

आता पेटीत फोटो आहे. नायक सुकराम उईके हसत नाही त्यात, फौजी फोटोत कोणी हसत नाही. स्मृतिदिनाला इमलावहिनी स्मारकासमोर कागद लावून दहा छर्रे मारते आणि गाव बघतं. त्यानंतर मी पुतळ्याला सॅल्यूट करतो. लोक नारळ फोडायला पुढे सरकतात, पोरं पेढ्यांकडे बघतात. हात खाली आल्यावरही मी लगेच वळत नाही. सावधान उभा राहतो. सुकराम, तू हलला नाहीस. मीही हलत नाही.