गाडीतून समुद्र

एडना थॅकरे ही इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फायली गावातली सगळ्यात फटकळ बाई. समुद्रासमोरच्या तिच्या घरात पाहुणे उतरतात, आणि न्याहारीबरोबर त्यांना सल्लाही फुकट मिळतो. मी तिची शेजारीण, सकाळचा चहा तिच्याकडेच घेते, त्यामुळे सगळे सल्ले मला पाठ आहेत.

गेल्या ऑगस्टात स्पेनहून ओल्मेदो नवरा-बायको मुलींना घेऊन आले. नवऱ्याने टेबलावर नकाशा पसरला. "आज किल्ला, मग बोट, मग जुना मठ. अजून काय बघू, बाई?"

"आधी ते अंडं खा, गार होतंय. मग थर्मासमध्ये चहा भर, गाडी समुद्राकडे तोंड करून लाव आणि आत बसून राहा."

"आणि बघायचं काय?"

"पाऊस."

त्याच्या बायकोला हसू आवरेना. "अहो, बसूनच तर आलो इथवर!"

दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली. आम्ही दोघी नेहमीसारख्या एडनाच्या गाडीतून किनाऱ्यावर गेलो. गाड्यांची रांग लागली होती, प्रत्येकीत चहा चालला होता. टोकाला ओल्मेदोंची गाडी!

एडना छत्री घेऊन टेचात गेली आणि काचेवर टकटक केली. "काय गं, किल्ला बघितलास का?"

काच बोटभर खाली आली आणि आतून बायको म्हणाली, "जरा बाजूला व्हा ना बाई, समुद्र दिसत नाहीये."

त्या पावसात समुद्र तसाही कुणालाच दिसत नव्हता. पण एडना मुकाट्याने बाजूला झाली.